ब्लँकेट ठेवायचं कुठं?

या आठवड्याचं पत्र नागपुरातल्या मनीषनगरहून आलंय. जरा कापून देते.

"ताई, गेली चार वर्षं आमच्या सोसायटीतल्या आम्ही आठ जणी डिसेंबरात वर्गणी काढून ब्लँकेटं घेतो आणि रात्री मेडिकल चौक, स्टेशन, सीताबर्डी असं फिरून वाटतो. मेडिकलच्या, म्हणजे सरकारी दवाखान्याच्या, भिंतीला टेकून एक म्हातारे बाबाजी बसलेले असतात. त्यांना गेल्या वर्षी दिलं, यंदाही दिलं. आठ दिवसांनी त्याच रस्त्यानं गेले, तर अंगावर पोतं. ब्लँकेट कुठं गेलं विचारलं तर नुसते हसले. माझे मिस्टर म्हणतात, दारूसाठी विकलं असेल, हा प्रश्न ब्रह्मदेवाच्या बापालाही सुटायचा नाही. खरंच सुटत नाही का हो? आणि सुटत नसेल तर आम्ही नेमकं काय करतोय? महिन्याला दोन हजार रुपये आणि एक रविवार मी देऊ शकते. त्याचं काय करू, ते सांगा."

मनीषनगरच्या ताई,

आधी तुमच्या मिस्टरांचं घेऊ. त्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. वाटलेली ब्लँकेटं विकली जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. नवं कोरं, प्लास्टिकच्या पिशवीसकट, पन्नास-साठ रुपयांत. पण ते दारूसाठी विकलं, हे त्यांनी पाहिलेलं नाही आणि तुम्हीही नाही. मी एका सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक म्हणून सव्वीस वर्षं काढली. दर हिवाळ्यात आम्हीही ब्लँकेटं वाटायचो आणि दर हिवाळ्यात मलाही असाच राग यायचा. एकदा एका बाबाजींना चिडूनच विचारलं, तर ते म्हणाले, "बाई, रातच्याला पांघरतो ना. पन सकाळी ठेवू कुठं?"

जरा डोळ्यांपुढं आणा. तुम्ही देता ते फुलाफुलांचं जाड ब्लँकेट घडी केलं की चांगलं गाठोड्याएवढं होतं. सकाळी झाडूवाले येतात, मागून दुकानाचं शटर वर जातं, माणसाला उठावंच लागतं. ते गाठोडं घेऊन दिवसभर जायचं कुठं? मजुरांच्या ठिय्यावर काखेत ब्लँकेट घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ठेकेदार उचलत नाही. हॉटेलात भांडी घासायलाही कोणी घेत नाही. संडासाला जाताना बाहेर ठेवलं तर परत येईपर्यंत राहील याचा भरवसा नाही. झाडाच्या बेचक्यात खोचा, विजेच्या डीपीच्या मागं लपवा, दुपारपर्यंत ते गेलेलं असतं. त्यापेक्षा पन्नास रुपये खिशात तरी राहतात. तुम्ही-मी त्या जागी असतो तर आपणही हाच हिशेब केला असता.

बेघर म्हटलं की आपल्या मनात छप्पर येतं. रस्त्यावरच्या माणसाला रोज छळते ती दुसरीच गोष्ट, काही ठेवायला जागा नसणं. आधार कार्ड, बीपीच्या गोळ्या, मजुरीतून साठवलेले चारशे रुपये, मुलीचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. झोपेत चोरीला जातं, पावसात भिजतं, साफसफाईत कचऱ्याबरोबर उचललं जातं. मग पुन्हा पहिल्यापासून. चार दिवस काम करून पुढं सरकलेला माणूस एका रात्रीत मागं येतो आणि आपण म्हणतो, याला सुधारायचंच नाही.

आता तुमचा मोठा प्रश्न. काही ठिकाणी बेघरांचा हा प्रश्न बराचसा सुटलाय. फिनलंडमध्ये १९८०च्या दशकाच्या अखेरीस अठरा हजारांच्या आसपास माणसं बेघर होती. २०२३ मध्ये ती ३,४२९ वर आली. पूर्वी तिथंही आपल्यासारखाच हिशेब होता. आधी दारू सोड, मग वसतिगृहात जागा, तिथं नीट वागलास तर पुढं कधीतरी खोली. २००८ पासून त्यांनी हा क्रम उलटा केला. आधी घर, स्वतःच्या नावाचा भाडेकरार, स्वतःची किल्ली. दारूचं, आजाराचं, कर्जाचं काय ते नंतर पाहू, आणि त्यासाठी मदतीला माणूस घरी येईल. रात्रीपुरते आसरे होते, त्यांतल्या कित्येकांची त्यांनी छोटी छोटी घरं करून टाकली. मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती किल्ली. कुलूप लावून बाहेर जाता आलं की माणूस उद्याचा विचार करू लागतो.

अर्थात फिनलंडची लोकसंख्या पंचावन्न-छप्पन लाख, आणि तिजोरीही आपल्यासारखी नाही. शिवाय २०२४ मध्ये तिथला आकडा पुन्हा ३,८०६ झाला, म्हणजे एकदा सुटलं की कायमचं सुटलं असंही नसतं. पण ब्रह्मदेवाच्या बापाला मध्ये आणायची गरज नाही, एवढं त्यावरून नक्की कळतं.

आपल्याकडं २०११च्या जनगणनेत फेब्रुवारीच्या शेवटच्या रात्री फुटपाथ, फलाट, उड्डाणपुलाखाली, मोठ्या सिमेंटच्या पाइपात झोपलेल्यांची मोजणी झाली. देशभरात सुमारे १७ लाख ७० हजार माणसं निघाली. बेघरांसोबत काम करणारे म्हणतात, खरा आकडा याहून बराच मोठा आहे, आणि मलाही तसंच वाटतं. रात्री दोनला बंद दुकानाच्या पायरीवर झोपलेली बाई कोणत्या प्रगणकाला सापडते? तरी तो आकडा आहे तसा धरला, तर त्याच जनगणनेत एकट्या नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाख होती. अख्ख्या देशातले मोजलेले बेघर आपल्या एका शहरात मावतील एवढे. आणि त्याच जनगणनेत रिकाम्या घरांची संख्या अडीच कोटींच्या जवळपास, त्यात दुकानं-गाळे आले हे धरूनही. तुमच्या मनीषनगरातच संध्याकाळी फिरायला निघाल तेव्हा किती फ्लॅटमध्ये दिवा लागत नाही, ते पाहा. मी बेसा रोडला मोजायचा प्रयत्न केला होता, मग सोडून दिला.

सरकारनं काहीच केलं नाही असंही नाही. सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये मोठ्या शहरांना सांगितलं, दर एक लाख वस्तीमागं एक निवारा हवा, बारा महिने, चोवीस तास चालणारा. २०१३ पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्यासाठी पैसाही आला. एका निवाऱ्यात साधारण पन्नास माणसं, असा नियम. त्या हिशेबानं नागपूरला चोवीस निवारे लागतात. महापालिकेचे निवारे आहेत. किती आहेत, त्यांत बायकांसाठी किती, कुटुंबासाठी किती, हे तुमच्या नगरसेवकाला विचारा. हा फोन फुकट आहे आणि आठ बायकांनी आठ फोन केले तर जरा जास्त ऐकू येतो.

पण निवारा असूनही माणसं फुटपाथवर का झोपतात? याचं उत्तर मी एक चूक करून शिकले.

दवाखान्याच्या गेटसमोर चहाच्या टपरीवर एक बाबाजी ग्लास धुवायचे. पहाटे पाचला टपरी उघडायची, रात्री दहाला बंद, झोप त्याच टपरीच्या बाकड्याखाली. वय सत्तरीच्या पुढं, पायाला जखम. मी धावपळ करून त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका निवाऱ्यात जागा मिळवून दिली. ऑटोचे पैसे दिले, स्वतः सोडून आले, त्या रात्री फार समाधानानं झोपले. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबाजी टपरीवर ग्लास धूत होते. मी भयंकर चिडले. टपरीवाल्यानं मला बाजूला घेतलं, गल्ल्याखालून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला आणि उघडून दाखवला. आत बँकेचं पासबुक, आधारची झेरॉक्स, बायकोचा एक काळा-पांढरा फोटो आणि गोळ्यांची अर्धी पाकिटं. "यांचं घर हे आहे मॅडम," तो म्हणाला. "तुमी तिकडं नेलं, इथून पहाटे पाचला कोन आनन यांना?"

निवाऱ्यातून पहाटे निघायला बस नव्हती, काम गेलं असतं, सकाळचे तर्री-पोहे आणि रोजचे शंभर रुपये गेले असते, डबा टपरीवरच राहिला असता. यातलं मी काहीच विचारलं नव्हतं. पायाच्या जखमेचं मात्र चार पानी टिपण लिहिलं होतं.

पुढं काय झालं ते सांगते, कारण तुमच्या दोन हजारांचा रस्ता तिथूनच जातो. टपरीवाल्याच्या ओळखीनं मागच्या गल्लीत एका गोदामाला लागून पत्र्याची खोली मिळाली. भाडं आठशे. (ही जुनी गोष्ट आहे, आता आठशेत सायकलही कोणी ठेवू देणार नाही.) दवाखान्यातल्या आम्ही चौघींनी भाडं वाटून घेतलं. श्रावणबाळ योजनेचं निवृत्तिवेतन सुरू व्हायला आठ महिने लागले, कारण रहिवासाचा पुरावा मागत होते आणि बाबाजी राहत होते बाकड्याखाली. पैसे यायला लागल्यावर निम्मं भाडं ते स्वतः देऊ लागले आणि आम्ही नको म्हटलं तर रागवायचे. तीन उन्हाळे त्या खोलीत काढले त्यांनी. चौथ्याच्या आधी गेले.

तर तुमच्या पैशांचं. तुम्ही आठ जणी, प्रत्येकीचे दोन हजार धरले तर महिन्याला सोळा हजार होतात. वर्षातून एकदा दोनशे ब्लँकेटं घेण्यापेक्षा या पैशांत दोन माणसांची खोली, वर थोडं किराणा-औषध आणि अधूनमधून येऊन बघणाऱ्या एखाद्या कार्यकर्त्याचा पगार निघू शकतो. खोलीसाठी घरमालक तयार होत नाहीत, तो खरा डोंगर आहे. करार तुमच्यापैकी कुणाच्या तरी नावानं करावा लागेल, पोलिस पडताळणी लागेल, शेजारी कुरकुर करतील. आणि एक सांगते, दोन वर्षं चालवायची तयारी नसेल तर सुरूच करू नका. सहा महिन्यांनी उत्साह संपला म्हणून माणसाला पुन्हा बाकड्याखाली पाठवणं हे पहिल्यांदा न उचलण्यापेक्षा वाईट. स्वतः चालवणं जमणार नसेल तर हेच काम वर्षानुवर्षं करणारी एखादी संस्था बघा, तिथं जाऊन दोन तास बसा, तिथल्या माणसांना आपली पेटी ठेवायला कुलूप मिळतं का ते पाहा, आणि मग पैसे द्या.

रविवारचं सोपं आहे. कागद. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ या दोन योजनांत महिन्याला १,५०० रुपये मिळतात (दिव्यांगांना २०२५ पासून २,५००). श्रावणबाळला वय ६५ लागतं. उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० ची, आणि महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिल्याचा पुरावा. अट वाचली तर रस्त्यावरचे निम्मे म्हातारे बसतात, पुरावा मागितला की एकही बसत नाही. इथंच तुमच्यासारख्या बाईची गरज असते, सेतू केंद्राच्या खिडकीवर तिसऱ्यांदा जाऊनही आवाज न चढवणारी. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या अधीक्षकानं ठरावीक नमुन्यात, फोटोसह दिलेलं प्रमाणपत्र आधारसाठी चालतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. आणि मतदार यादीत नाव घालायला तर पत्त्याचा कागदही लागत नाही. माणूस खरंच त्या जागी झोपतो का, हे बीएलओनं, म्हणजे मतदान केंद्राच्या अधिकाऱ्यानं, रात्री येऊन, एकापेक्षा जास्त रात्री, पाहायचं असतं. मला हा नियम फार आवडतो. फुटपाथवर झोपणं हाच तिथं पुरावा.

मूळ कागद मात्र स्वतःकडं ठेवून घेऊ नका, कितीही विश्वास टाकला तरी. फोटो काढा, झेरॉक्स ठेवा, कागद त्यांचा त्यांना द्या आणि तो ठेवायला जागा शोधा. टपरीवाला, मंदिराचा पुजारी, औषधाच्या दुकानातला मुलगा. अशी माणसं प्रत्येक चौकात असतात, आपण त्यांना विचारत नाही.

मेडिकलच्या बाहेर झोपणाऱ्यांतले निम्मेअधिक मुळी बेघर नसतात, हेही तुम्हाला सांगायला हवं. गडचिरोली, गोंदिया, बालाघाट, छिंदवाड्याहून पेशंट घेऊन आलेले लोक. वॉर्डात पेशंटजवळ एकालाच थांबू देतात, बाकीचे भिंतीला. त्यांना गावात घर आहे, शेत आहे, आणि वीस दिवस लॉजचं भाडं देण्याइतका पैसा नाही. यांना ब्लँकेटपेक्षा आंघोळीची जागा आणि पिठलं-भात शिजवायला एक चूल हवी असते. गाडगेबाबांनी हे ओळखून गावोगावी धर्मशाळा बांधल्या. आपल्याच अमरावतीकडचा माणूस. त्यांच्या दशसूत्रीत 'बेघरांना आसरा' आहे, ती दशसूत्री आपण भिंतीवर रंगवतो आणि भिंतीला टेकून झोपलेल्याला उठवतो.

एका गोष्टीत मात्र स्वतः पुढं होऊ नका. जटा वाढलेला, स्वतःशी बोलणारा, कचऱ्यातलं खाणारा माणूस दिसला, की हल्ली पोरं त्याला धरून आंघोळ घालतात, केस कापतात आणि व्हिडिओ टाकतात. दुसऱ्या दिवशी तो माणूस तिथंच असतो, फक्त टक्कल केलेला. तो आजारी आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातलं १०० वं कलम सांगतं की असा भटकणारा माणूस हद्दीत दिसला तर त्याला संरक्षणात घेणं ठाणेदाराचं कर्तव्य आहे, २४ तासांच्या आत त्याला सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही, आणि घरच्यांचा शोधही पोलिसांनीच घ्यायचा. आपल्या गावात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, म्हणजे 'कुठं नेऊ' हा प्रश्न नागपुरात तरी पडू नये. ११२ ला फोन करा, कलमाचा नंबर सांगा, शांतपणे सांगा. मी दोनदा केलंय, पहिल्यांदा ठाण्यातून उत्तर आलं, "मॅडम, तो कोनाला त्रास देते का?" दुसऱ्यांदा गाडी आली. एकट्या राहिलेल्या म्हाताऱ्यांसाठी १४५६७, लहान मुलांसाठी १०९८.

२०२३च्या मार्चमध्ये जी-२०मधल्या नागरी संस्थांच्या सी-२० परिषदेच्या आधी शहरात भीक मागण्यावर १४४ कलमाखाली बंदी आली होती, आठवतं? पाहुणे येणार म्हणून भिंती रंगल्या, चौक मोकळे झाले. तेव्हा माझ्या ओळखीची एक बाई दोन पोरं घेऊन व्हेरायटी चौकातून निघून कळमन्याकडं गेली. पाहुणे गेल्यावर परत आली. एवढाच काय तो परिणाम.

आणि उन्हाळा. आपण सगळे डिसेंबरात जागे होतो. २९ डिसेंबर २०१८ला नागपुरात पारा ३.५ वर आला होता, थंडी मारते हे खरंच. पण आपल्याकडं कडक थंडी पंधरा-वीस रात्रींची आणि ऊन मार्चपासून मृगापर्यंत. २३ मे २०१३ला ४७.९ होतं. दुपारी डांबरावर पाय ठेववत नाही, रात्री बारालाही फुटपाथ तव्यासारखा, आणि सकाळी दहानंतर सार्वजनिक नळाला पाणी नाही. डिसेंबरात एका शनिवारच्या रात्री एकाच म्हाताऱ्याला चार मंडळांची चार ब्लँकेटं मिळालेली मी पाहिली आहेत. मे महिन्यात त्याच जागी पाण्याचा एक माठ कुणी ठेवलेला पाहिला नाही. तुमच्या वर्गणीतले थोडे पैसे मेपर्यंत राखून ठेवा.

आता तुमच्या बाबाजींकडं जा. रात्री नको, झोपलेल्याला उठवून दान देण्यात काय ते? सकाळी सात-साडेसातला जा, मिस्टरांनाही न्या. चहा घ्या, त्यांच्यासोबत, तिथंच उभ्यानं. फोटो काढू नका. नाव विचारा, चार वर्षांत दोन ब्लँकेटं दिलीत, पत्रात नाव नाही. कुठलं गाव, दिवसा कुठं असता, रात्री पाऊस आला तर कुठं जाता, सामान कुणाजवळ ठेवता, एवढं विचारा. पहिल्या रविवारी सांगणार नाहीत. दुसऱ्याही नाही. तिसऱ्या रविवारी ब्लँकेटचं काय झालं ते आपणहून सांगतील, आणि दारूच निघाली तरी चहा अर्धा टाकून उठू नका.

ता. क. जुन्या ब्लँकेटांचं विचारायचं राहिलं असेल. यंदा उरलेली असतील तर निवाऱ्यात द्या, पण आधी फोन करून त्यांना काय हवंय ते विचारा. मी विचारलं होतं तेव्हा त्यांनी ब्लँकेटं नको म्हटलं आणि वीस कुलपं मागितली, किल्ल्यांसकट.